ज्याची त्याची सुई

त्या उन्हाळ्यात खडी फोडायच्या मशीनचा जबडा तुटला आणि तिथून आमच्या घराचं चाक उलटं फिरलं. नवा जबडा यायला दोन महिने लागणार होते, आणि पावसाच्या आत रस्त्याची खडी पुरी करतो असा शब्द खाणीच्या मालकानं देऊन ठेवलेला. शब्द मालकाचा, खांदे आमचे. जे काम मशीन करायचं ते नऊ माणसांनी घणानं करायचं असं ठरलं. कुणी ठरवलं म्हणाल, तर आमच्या घरच्यांनीच. टोळीचे मुकादम तेच. सगळी टोळी त्यांना मुकादम म्हणते आणि मीही घरात तेच म्हणते. लग्नाला एकवीस वर्षं झाली, आता नवीन नाव कुठून आणू?

आमचं घर खाणीच्या तोंडाशी. दोन खोल्या, वर पत्रा, आणि उंबऱ्याबाहेर एक सपाट काळा दगड. घण मारल्याचा आवाज घरात ऐकू येतो. इतकी वर्षं झाली, त्या आवाजावरून मी सांगू शकते की कोण मारतोय. मुकादमांचा घण दमानं पडतो. धाकट्याचा दोनदा लागोपाठ आणि मग थांबून.

धाकटा म्हणजे माझा दीर. मी या घरात आले तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि त्याची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पायात काटा घेऊन रडत माझ्याकडे आला. मी त्याला या काळ्या दगडावर बसवलं. सुई बघितल्यावर म्हणाला, "वहिनी, डोळे मिटू?" म्हटलं, "मिट." त्यानं डोळे मिटले आणि उघडले तेवढ्यात काटा माझ्या बोटावर होता. "झालंसुद्धा?" म्हणाला. तेव्हापासून गावभर सांगत सुटला की आमच्या वहिनीचा हात हलका आहे. तो मोठा झाला, लग्न झालं, बायको आली, तरी काटा रुतला की माझ्याकडेच.

हात हलका होता तो उगाच नव्हे. लग्नाआधी तीन वर्षं मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात झाडलोट करत होते. सुया उकळायचं काम माझ्याकडे, आणि गर्दी झाली की डॉक्टर म्हणायचे, टोच गं तूच. ते दवाखाना बंद करून गेले तेव्हा जुनी स्टीलची डबी मला देऊन गेले. तिच्यात औषध भरून पुढे सुई लावायच्या काचेच्या दोन नळ्या आणि डझनभर सुया. बाकीच्या मुलींनी सासरी येताना काय काय आणलं असेल, मी ती डबी आणली. कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली होती. माझाच शहाणपणा म्हणून ती खाली आली.

घणानं खडी फोडायला लागून पंधरा दिवस झाले तेव्हा मुकादमांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सदरा मी चढवून द्यायची. सकाळी उठताना भिंत धरून उठायचे आणि ओठ असे दाबायचे की बघवत नव्हतं. औषधाच्या दुकानात गेले, तर दुकानदारानं टोचायच्या औषधाच्या तीन बारीक काचेच्या बाटल्या पुढे केल्या.

"हे मार. गोळीनं काय होणार? बैल उठून बसेल याच्यानं."

"डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही का?"

"तुम्ही खाणीवरची माणसं. तुम्हाला कशाला चिठ्ठी?"

मला तर बरंच वाटलं. आपल्याला ओळखतो, म्हणून देतो. मूर्खाला मान दिला की तो घरदार देऊन टाकतो, त्यातली गत.

मी डबी काढली, सुई उकळली, मुकादमांना काळ्या दगडावर बसवलं आणि शिरेत टोचलं. पाच मिनिटांनी त्यांनी हात वर केला. पुन्हा केला. हसले. मला म्हणाले, "अगं, माझाच हात आहे ना हा?" त्या दिवशी दोन माणसांचं काम केलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी धाकटा आला कंबर धरून. मग टोळीतला सगळ्यात जुना माणूस, ज्याला सगळे आजोबा म्हणतात, तो आला. आठवड्यात आठ जण सकाळी चहाच्या वेळी आमच्या दारात रांगेनं बसायला लागले.

खाणीवर एक रीत आहे. घण ज्याचा त्याचा. दांडा ज्याच्या त्याच्या मुठीला घासून बसलेला असतो, दुसऱ्याच्या घणाला कुणी हात लावत नाही. भाऊ भावाच्या घणाला लावत नाही. सुयांनाही मी तीच रीत लावली. प्रत्येकाची सुई वेगळी, प्रत्येकाची काडेपेटी वेगळी, पेटीला रंगीत दोरा. मुकादमांचा लाल, धाकट्याचा हिरवा, आजोबांचा पांढरा. रोज संध्याकाळी सगळ्या सुया वीस मिनिटं उकळायची, पुसायची, पेट्यांत घालायची. एकाची दुसऱ्याला लावली असं एकदाही झालं नाही. टोळीतले कौतुक करायचे. आजोबा म्हणायचे, "दवाखान्यात इतकी सफाई नसते पोरी." मी फुगायची. खोटं कशाला सांगू, चांगलीच फुगायची.

पण नळी एकच होती. दोन होत्या, त्यातली एक पहिल्याच आठवड्यात उकळत्या पाण्यात तडकली. टक्क असा आवाज आला आणि मला रडूच आलं. मग उरलेलीला मी जिवापलीकडे जपलं. उकळायची नाही. एका माणसाला टोचून झालं की वाटीतल्या पाण्यात तीनदा खळखळून धुवायची, की पुढचा. आणि वाटीतलं पाणी? पाणी आमच्याकडे टँकरनं यायचं, दिवसाआड. एक वाटी सकाळी भरली की रांग संपेपर्यंत तीच. खाणीवर दुसरी रीतही आहे ना, घण ज्याचा त्याचा आणि पाणी सगळ्यांचं. पिंपावर आलेल्याला नाही म्हणायचं नाही. कुठलाही असो, कुणाचाही असो.

सुरुंगवाला याच रीतीनं आमच्यात आला. खडकाला भोकं पाडून दारू भरायचं काम त्याचं. आधीचा गेला म्हणून मालकानं लांबून कुठून तरी आणलेला. बायकोला घेऊन आला आणि टोकाच्या खोलीत राहिला. बोलायला कमी, हाताला एक बोट कमी. त्याचेही खांदे यंत्र धरून धरून गेलेले. एक दिवस तोही रांगेत येऊन बसला, सगळ्यात शेवटी. नवीन माणूस शेवटी, ही पण रीतच. त्याच्या पेटीला मी काळा दोरा बांधला.

दोन महिने झाले. मशीनचा जबडा आला, रस्त्याला खडी गेली, मालकाचा शब्द राहिला. आता दुखणं थांबायला हवं होतं, आणि सुई थांबायला हवी होती. थांबली नाही. सकाळची होती ती सकाळ आणि दुपार अशी दोन वेळ झाली. एखाद्या दिवशी दुकानात माल नसला की धडधाकट माणसांच्या नाकातून पाणी गळायचं, पोटऱ्या वळायच्या, आजोबा लहान मुलासारखे कण्हायचे. मुकादम एकदा माझ्यावर ओरडले, "बघत काय बसलीस, आण कुठून तरी!" एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मला कळायला लागलं होतं की हे दुखणं खांद्याचं राहिलेलं नाही. कळत होतं आणि मी टोचत होते. कण्हणारा माणूस दारात बसलेला बघवत नाही, हे माझं कारण. कारण खरं आहे, पण कारण आहे म्हणून काय झालं?

मग धाकट्याचे डोळे पिवळे झाले.

आधी त्याच्या बायकोनं बघितलं, माझ्या जावेनं. तिला सगळे धाकटीच म्हणतात. धावत आली, "मोठ्या बाई, यांचे डोळे बघा हो." उन्हात नेऊन बघितले तर हळदीसारखे. जेवण जात नव्हतं, घण उचलत नव्हता. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात उलटा करून बघितला, भोकांच्या खुणा बघितल्या, आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगून त्याच्याशी बोलले. आठवड्यानं कागद आला. हिपॅटायटिस सी आहे, यकृताला सूज आहे. आणि एचआयव्हीसुद्धा आहे.

धाकटी कागदाकडे बघत राहिली. धाकटा माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळत नव्हतं आणि मलाही. म्हणाला, "वहिनी, माझी सुई हिरवी. माझ्या सुईला कुणाचा हात नाही. मग?"

"नाही रे," मी म्हटलं, "कुणाचाच नाही." शपथेवर सांगितलं असतं मी तेव्हा.

घरातलं घरात ठेवायचं असं मुकादमांनी सांगितलं. पण पत्र्याच्या घरात काय लपतं? सुरुंगवाल्याच्या कानावर गेलं. तो कुणाला न विचारता, कामाचा दिवस बुडवून, एकटा जाऊन रक्त तपासून आला. आणि आला तो सरळ पिंपाशी उभा राहून सगळ्यांना म्हणाला, "मला दोन्ही निघालंय. आपण एकाच दारात बसत होतो. तुम्हीही तपासा. औषध आहे म्हणतात, वेळेत गेलं तर." एवढं बोलला आणि खाली बसला. कधी नव्हे ते चार वाक्यं बोलला माणूस, आणि तीच त्याच्या गळ्याशी आली.

सगळे तपासून आले. नऊ जणांत सात जणांना सी. त्यातल्या चौघांना एचआयव्हीही. मुकादमांना फक्त सी, आजोबांनाही. बायकांनाही तपासलं. धाकटीला काही निघालं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. मला काही नाही. एवढ्या सुया हाताळल्या, एकदाही बोटाला लागली नाही. हात हलका ना माझा!

आणि मग सगळे एकच बोलायला लागले. त्यानं आणलं. आधी कुणाला काही नव्हतं, तो आला आणि झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याला सगळ्यात आधी कसं कळलं? माहीत असणार म्हणूनच गेला तपासायला. बोट कशानं गेलं म्हणे? सुरुंगानं? कशावरून? बोटाचा आणि रोगाचा संबंध काय, हे विचारायला कुणाची जीभ रेटली नाही. माझीही नाही. त्याच्या बायकोनं पिंपाला हात लावायचा नाही असं ठरलं. तिची घागर खाली ठेवायची, आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं, तांब्या घागरीला न लागू देता.

याच दिवसांत मुकादमांना आणि धाकट्याला घेऊन मी मोठ्या दवाखान्यानं सांगितलेल्या केंद्रावर गेले. सुई सुटावी म्हणून तिथे जिभेखाली ठेवायची गोळी देतात. रोज जायचं, त्यांच्यासमोर ठेवायची. तिथली सिस्टर उंच, आवाज खणखणीत, पण ओरडत नाही. ते दोघं आत गेल्यावर मला म्हणाली, "टोचत तुम्ही होतात ना? मला जरा करून दाखवा, कसं करायचात ते. राग नाही. मला समजून घ्यायचंय."

मी डबी बरोबरच नेली होती. खरं सांगते, दाखवायलाच नेली होती. मनात होतं की हिला दिसू दे, माझ्याकडून काही चुकलेलं नाही. काडेपेट्या मांडल्या, दोरे दाखवले, उकळायची वेळ सांगितली. सिस्टर मान हलवत होती. "चांगलं केलंत," म्हणालीसुद्धा. मग मी नळी उचलली, वाटीत खळखळली आणि पुढची सुई लावली.

"थांबा. ही नळी कधी उकळायचात?"

"काच आहे सिस्टर. तडकते."

"आणि हे पाणी?"

"सकाळी भरलं की रांग संपेपर्यंत तेच."

सिस्टरनं टेबलावरची लाल शाई घेतली. नळीत थोडी ओढली, सोडून दिली. मग नळी माझ्याच वाटीत माझ्याच पद्धतीनं तीनदा धुतली. एका कपात स्वच्छ पाणी घेतलं, नळीत ओढलं, कपात सोडलं. पुन्हा वाटीत तीनदा. दुसरा कप. असे नऊ कप मांडले. वाटी तर लाल झालीच होती. नववा कप तिनं खिडकीशी धरला. फिकट होता, पण गुलाबी होता.

"सुई ज्याची त्याची होती," सिस्टर म्हणाली. "रक्त नळीत राहायचं. वाटीत राहायचं. डोळ्यांना दिसत नाही इतकं थोडं पुरतं."

मी बाक धरला. "मग आणलं कुणी सिस्टर? पहिलं कुणाला होतं?"

"ते मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही सांगता येणार. तुमच्यातले चार जण आधीही कुठे कुठे टोचून आलेले असतील, कुणाला रक्त चढलं असेल, कुणी बाहेर गेला असेल. आणलं कुणी ते सोडा. पसरलं कसं ते आता तुम्हाला कळलंय. आणि अजून एक ऐका. एका ताटात जेवून, एका पिंपाचं पाणी पिऊन यातलं काहीही होत नाही."

परत येताना धाकटा गोळीच्या गुंगीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. त्याच्या केसांतली खडीची धूळ माझ्या पदराला लागली. मी घरी येऊन सांगणार होते. खरंच सांगणार होते.

पहाटे पाणी भरताना मुकादमांना आधी सांगितलं. त्यांनी पाइप हातातून सोडला, पाणी वाहत राहिलं. आमच्याकडे पाणी वाहू देत नाही कुणी.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. नऊ घरांतल्या बायका तुला फाडून खातील. मला मुकादम कोण ठेवील? आणि धाकटा... धाकट्याला काय सांगशील? कुणी केलं म्हणशील?"

हे शेवटचं मला लागलं. बाकीचं मी सोसलं असतं. त्या पोराला मी हातानं घास भरवला होता. त्याच हातानं हे भरलं, असं त्याला कसं सांगायचं?

"पण सुरुंगवाला?"

"तो काय, आज इथे उद्या तिथे. त्याला दुसरी खाण मिळेल."

मी गप्प बसले. एक दिवस नाही, चार दिवस. आणि त्यातल्या तिसऱ्या दिवशी पाणी ओतायची पाळी माझी होती. सुरुंगवाल्याची बायको घागर ठेवून दोन पावलं मागे सरली. मी तांब्या उंच धरला आणि ओतलं. मला सगळं माहीत होतं, पिंपानं काही होत नाही हेही माहीत होतं, आणि तरी मी उंच धरला, कारण चार बायका बघत होत्या. अर्धं पाणी बाहेर सांडलं. तिनं वर बघितलं.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मला जमिनीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

चौथ्या दिवशी दुपारी मशीनच्या पत्र्याखाली टोळी बसली. बायकाही आल्या. मालकानं निरोप पाठवला होता की तुमचं तुम्ही ठरवा, सुरुंगवाला मी दुसरा आणतो. सुरुंगवाला आणि त्याची बायको बाहेर उन्हात उभी होती, सावलीत या असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांचं सामान बांधलेलं होतं. दोन गाठोडी आणि ती घागर.

आजोबा म्हणाले, "बाबा, तुझ्याशी वैर नाही. पण तू गेलेला बरा."

सुरुंगवाला म्हणाला, "जातो. फक्त गोळीचं केंद्र इथेच आहे. ती चालू राहील अशा ठिकाणी जाईन म्हणतो, ते शोधायला चार दिवस द्या."

"आजच," कुणीतरी मागून बोललं.

मी उठले. मुकादमांनी माझा पदर धरला, खरंच धरला, सगळ्यांसमोर. मी सोडवून घेतला आणि घरी गेले. त्यांना वाटलं असेल, गेली बिचारी, बघवलं नाही. मी डबी घेतली, वाटी घेतली, चहाचे नऊ ग्लास घेतले आणि दगडांवर खुणा करायच्या लाल रंगाचा डबा. परत येऊन सगळ्यांच्या मधे मांडून बसले.

"हे काय गं आता?" आजोबा म्हणाले.

"बघा. बोलू नका, बघा."

सिस्टरनं केलं तसं केलं. पहिला ग्लास भरला. "हे मुकादम." दुसरा. "हे आजोबा." तिसरा. "धाकटा." रोज सकाळी ज्या क्रमानं बसायचे त्या क्रमानं एकेकाचा ग्लास त्याच्या पुढे ठेवत गेले. प्रत्येक वेळी नळी वाटीत तीनदा धुतली, जशी धुवायची तशीच. नववा ग्लास उन्हात नेला आणि सुरुंगवाल्याच्या पुढे ठेवला. पाणी स्वच्छ नव्हतं.

"हा रोज शेवटी बसायचा," मी म्हटलं. "तुमचं आठ जणांचं जे काय होतं ते धुऊन याच्या अंगात गेलंय. पहिलं कुणाचं ते मला माहीत नाही, सिस्टरलाही माहीत नाही. पण फिरवलं कुणी ते माहीत आहे. नळी माझी. वाटी माझी. नळी तडकेल म्हणून मी उकळली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही. घालवायचं तर मला घालवा."

मग एका बाईनं ग्लास उचलून माझ्या अंगावर भिरकावला. लागला नाही, पदर लाल झाला. दुसरी रडायला लागली. कुणी शिव्या दिल्या, त्या मी ऐकल्या. आजोबा आपल्या ग्लासात बघत बसले होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दवाखान्यात इतकी सफाई नसते, असं मीच म्हणालो होतो."

मी फक्त धाकट्याकडे बघत होते. त्यानं आपला ग्लास उचलला, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग ग्लास नीट खाली ठेवला, कुणाच्या पायाला लागू नये असा कडेला, आणि उठून गेला. धाकटी त्याच्या मागे गेली.

मला घालवलं नाही. का नाही, ते मी विचारलं नाही. सुरुंगवाल्यालाही घालवलं नाही. दुसऱ्या सकाळी त्याची बायको पिंपाशी आली, स्वतः झाकण उघडलं, स्वतः घागर बुडवली. कुणी काही म्हणालं नाही. माझ्याशी बोलली नाही ती, आणि तिनं का बोलावं? मुकादमपण आमच्या घरातून गेलं. मुकादम आता दुसराच आहे, पण मी यांना मुकादमच म्हणते. पहिले काही दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. मग एका सकाळी उंबऱ्यात बसून म्हणाले, "साखर कमी टाक." तेवढ्यावर आमचं पुन्हा सुरू झालं.

धाकट्यानं मात्र बोलणं टाकलं. भिंतीला भिंत लागून घर, पण समोर आलो की तो बाजूला व्हायचा. सात महिने! त्याचा घण ऐकून मी समजायची की आज बरा आहे. एचआयव्हीची गोळी रोज चालू झाली, सीच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स झाला, जिभेखालची गोळी चालू राहिली. हे सगळं मला धाकटी सांगायची, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. पण सांगायची, ही तिची माया. टोळीतल्या दोघांची सुई सुटली नाही. ते केंद्रातून नवी सीलबंद सिरिंज घेतात, एक वापरली की टाकतात. त्यांनाही सिस्टर बस म्हणते, चहा विचारते. आजोबा पावसात गेले. त्यांचं यकृत आधीच फार गेलेलं होतं. त्यांची पांढऱ्या दोऱ्याची काडेपेटी अजून माझ्याकडे आहे. टाकवत नाही.

कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं असतं, सी गेला की नाही ते कळायला. त्या दिवशी धाकटीनं मला बरोबर बोलावलं. म्हणाली, "मला एकटीला नाही जमायचं." मी केंद्राच्या व्हरांड्यात बाकावर बसले. आत तो आणि सिस्टर. दार अर्धं उघडं होतं.

सिस्टर शीर शोधत होती. डावा हात झाला, उजवा झाला, मनगट झालं. एवढ्या महिन्यांच्या टोचण्यानं त्याच्या शिरा दबून गेलेल्या. एकदा सुई घातली, रक्त आलं नाही. ती सुई टाकून दुसरी घेतली, तेच. "आज राहू दे," सिस्टर म्हणाली, "उद्या मोठ्या दवाखान्यात जाऊ."

आणि मग धाकट्याचा आवाज.

"बाहेर वहिनी बसलीय. तिला बोलवा. तिला माझी शीर माहीत आहे."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. तिनं हाताला धरून उठवलं मला. आत गेले तर तो खुर्चीत, बाही वर, मान खाली. मी हात धुतले. साबणानं, दोनदा. सिस्टर म्हणाली, "तुम्ही फक्त दाखवा. टोचते मी."

मी त्याचा हात हातात घेतला. सात महिन्यांनी. कोपराच्या आतल्या बाजूला, जरा खाली, तिरकी एक शीर आहे त्याची. दिसत नाही, दाबली की उसळते. तिच्यावर मी बोट ठेवलं. उसळली. जिवंत होती.

"इथे," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. डोळे पांढरे होते आता, स्वच्छ.

"वहिनी," म्हणाला, "डोळे मिटू?"

सिस्टरच्या हातात पाकीट होतं, अजून न फोडलेलं.

"नको," मी म्हटलं. "उघडे ठेव. बघ, पाकीट नवीन आहे. तुझ्यासमोर फोडतायत."

तो बघत राहिला. सिस्टरनं पाकीट फोडलं. मी बोट काढलं नाही.